जपानी धाटणीचं घर, आपल्या हवेत

चौदाव्या शतकातल्या योशिदा केन्को या जपानी भिक्षूने घर बांधणाऱ्यांसाठी एक सल्ला लिहून ठेवला आहे. हिवाळा कसाही निभावता येतो, विचार करायचा तो उन्हाळ्याचा, असं त्याचं मत होतं. केन्को क्योटोचा. तीन बाजूंना डोंगर असलेल्या त्या शहरात जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडतो आणि घाम अंगावर वाळत नाही. त्याआधी, जूनच्या सुमाराला, ‘त्सुयू’ हा पावसाळी हंगाम सुरू होतो आणि साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्याला यात काही नवीन वाटणार नाही.

जपानी घराविषयी बोलताना हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण बहुतेकांची समजूत वेगळी असते. सरकती दारं, जमिनीपासून उचललेलं लाकडी तळ, लांब पुढे आलेली वळचण, कागद लावलेल्या खिडक्या, मोकळी खोली हे सगळं दमट हवेत वारा खेळता राहावा आणि ओल साठू नये, या गरजेतून घडत गेलं. देखणेपण त्या गरजेच्या मागून आलं. म्हणून आपल्याकडे या धाटणीचं घर करायचं तर तिथल्या वस्तू आणण्याआधी तिथली रीत समजून घ्यावी. चेरीच्या फुलांचा वॉलपेपर, टेबलावरचं बांबूचं कारंजं आणि चार लाल कंदील आणले, की पहिल्या महिन्यात कौतुक होतं आणि पहिल्या पावसाळ्यात त्यावर धूळ आणि बुरशी बसते. रीत घेतली तर घर वर्षानुवर्षं सुखाचं होतं, आणि खर्चही पुष्कळ कमी येतो.

ही रीत भारतीय हवेत चालते का, याचं उत्तर पाँडिचेरीत उभं आहे. श्री अरविंद आश्रमाचं ‘गोलकोंद’ हे निवासस्थान अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाने आखलं. रेमंड अनेक वर्षं जपानमध्ये राहून काम केलेला माणूस. त्याच्या बरोबर जपानी वंशाचा अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रांतिशेक सामर होते. 1930 च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं. या इमारतीच्या लांब बाजूंना काचेच्या खिडक्यांऐवजी उघडझाप करता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत आणि खोल्यांना सागवानी पट्ट्यांची सरकती दारं आहेत, त्यामुळे दार लावलं तरी वारा आरपार जातो. तिथे कंदील नाही, कारंजं नाही, चेरीचं चित्र नाही. तरीही जपान जाणणाऱ्याला ती वास्तू कुठून आली ते लगेच कळतं.

रिकाम्या खोलीमागचं कोठार

जपानी खोली रिकामी का दिसते? तिच्यातलं सामान दुसरीकडे ठेवलेलं असतं म्हणून. हे वाक्य फार साधं वाटेल, पण सजावटीचं निम्मं काम इथेच होतं.

पारंपरिक जपानी खोलीत दिवसा बसणं, जेवण, पाहुणे, आणि रात्री त्याच जागी झोपणं. सकाळी अंथरूण घडी घालून ‘ओशिइरे’ नावाच्या भिंतीतल्या खोल कपाटात जातं. ते कपाट साधारण तीन फूट खोल असतं, कारण त्यात आख्खी गादी मावली पाहिजे. आपल्याकडेही सकाळी वळकट्या उचलून खोली झाडून घेण्याची पद्धत होतीच, पलंग आले आणि ती गेली. क्योटोच्या व्यापारी पेठांमधल्या ‘माचिया’ घरांना तर मागच्या अंगणापलीकडे ‘कुरा’ नावाचं जाड मातीच्या भिंतींचं कोठार असे. पडदे, भांडी, चित्रं, पोशाख तिथे आगीपासून सुरक्षित राहत आणि ऋतूप्रमाणे बाहेर काढले जात. तेव्हा सगळं टाकून द्या, कमीत कमी वस्तूंमध्ये जगा, असा जो उपदेश अलीकडे जपानच्या नावाने होतो, तो मला अर्धाच खरा वाटतो. त्या मोकळ्या खोलीमागे एक भरलेलं कोठार होतं.

म्हणून पहिला खर्च साठवणीवर करा. एक आख्खी भिंत निवडा आणि तिला जमिनीपासून छतापर्यंत कपाट करा. गाद्या ठेवायच्या असतील तर तेवढ्या भागाची खोली 75 ते 90 सेंटिमीटर हवी, बाकीच्याला 45 पुरते. दारं सरकती असू द्या, म्हणजे उघडताना समोरची जागा अडत नाही. मूठ बाहेर येणारी लावू नका, बोटं घालायला खाच ठेवा. दारांचा रंग भिंतीचाच असावा, म्हणजे कपाट डोळ्यांना जाणवत नाही. सुतार येण्याआधी घरातल्या अवघड वस्तू मोजून घ्या. गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचा आकाशकंदील, मोठी पातेली, प्रवासाच्या बॅगा. या वस्तूंना जागा मिळाली नाही तर त्या कपाटावर नाहीतर पलंगाखाली जातात आणि बाकीची सजावट व्यर्थ होते.

एक काळजी मात्र घ्या. पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीला हे कपाट टेकवू नका. दुसरी सोयच नसेल तर भिंत आणि कपाटाची पाठ यांत दोन-तीन बोटं अंतर ठेवा. गादी थेट प्लायवर ठेवण्याऐवजी खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवा. जपानी लोक तिला ‘सुनोको’ म्हणतात आणि आजही गादीखाली आवर्जून वापरतात, कारण गादीतला घामाचा दमटपणा खालून निघून जातो.

जमिनीवर येणं

ततामी ही जपानी खोलीची जमीन आणि मोजपट्टी दोन्ही. भाताच्या पेंढ्याचा दाबून शिवलेला गाभा, त्यावर ‘इगुसा’ या लव्हाळ्याची विणलेली चटई, लांब बाजूंना कापडी काठ. जाडी पाच-सहा सेंटिमीटर. लांबी नेहमी रुंदीच्या दुप्पट. क्योटोकडचं माप साधारण 191 बाय 95.5 सेंटिमीटर, तोक्योकडचं 176 बाय 88. खोली किती मोठी, याचं उत्तर तिथे ततामींच्या संख्येत देतात. क्योटोच्या गिंकाकुजी मंदिराच्या आवारात अशिकागा योशिमासा या निवृत्त शोगुनाने 1486 मध्ये बांधलेली अभ्यासिका साडेचार ततामींची आहे, म्हणजे जेमतेम नऊ-साडेनऊ फूट लांब आणि तेवढीच रुंद. सेन नो रिक्यू या चहाविधीच्या थोर आचार्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘ताइआन’ ही चहाची खोली तर फक्त दोन ततामींची. आपली खोली लहान आहे, ही अडचण या धाटणीत अडचण राहत नाही.

खरी ततामी आपल्याकडे आणावी का? पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे पाऊस सोडला तर हवा कोरडी असते, तिथे आणायला हरकत नाही. कोकणपट्टीत मी सांगेन, आणू नका. जुलैमध्ये ती ओल शोषून घेते आणि बुरशी एकदा पेंढ्यापर्यंत गेली की निघत नाही. जपानमध्येही हा त्रास आहेच, म्हणून आता तिथे कागदाच्या धाग्याच्या आणि प्लॅस्टिकच्या धाग्याच्या ततामी मिळतात. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे दक्षिणेतली कोराई गवताची चटई. तमिळनाडूत पट्टमडईला विणल्या जाणाऱ्या चटया इतक्या तलम असतात की हात फिरवल्यावर कापडाचा भास होतो. त्या हलक्या आहेत, गुंडाळून ठेवता येतात आणि मृग लागायच्या आत उन्हात वाळवून वर ठेवून देता येतात. गवताची कोणतीही चटई ओल्या फडक्याने पुसू नये. केरसुणी किंवा कोरडं फडकं विणीच्या दिशेने फिरवावं.

सगळं घर चटईचं करायचं नाही. एका खोलीचा एक कोपरा पुरे. जपानमधल्या आजच्या फ्लॅटमध्ये ‘कोआगारी’ नावाचा प्रकार पुष्कळ दिसतो आणि आपल्याकडे तो सगळ्यात उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात 35 ते 40 सेंटिमीटर उंचीचा लाकडी ओटा, वर चटई, खाली ड्रॉवर. तीन ततामींएवढी जागा म्हणजे साधारण नऊ फूट बाय सहा फूट. घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर ते ओट्याच्या कडेवर पाय खाली सोडून खुर्चीसारखे बसतात, नातवंडं वर मांडी घालून बसतात, आणि बोलणं एकाच उंचीवर होतं. रात्री पाहुण्याची गादी तिथेच पडते. ओट्यासाठी पाण्याला टिकणारा प्लाय मागा, त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो. वरचा भाग सलग प्लायचा करू नका. दोन-दोन बोटं फट ठेवून लाकडी पट्ट्या ठोकून घ्या, म्हणजे चटई खालून श्वास घेते. तीनपेक्षा जास्त ततामी असतील तर चार कोपरे एका बिंदूत मिळू देऊ नयेत, ही जपानी घरातली जुनी मांडणी पाळा. दिसायलाही ती जास्त चांगली आहे, नजर एका फुलीवर अडकत नाही.

जमिनीवर बसायचं ठरलं की बाकीच्या गोष्टींची उंची बदलते, आणि नेमकं इथेच बहुतेक घरं फसतात. चटई खाली, पण चित्रं उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दिवा छताला, टीव्ही त्याहून वर. ओट्यावर किंवा चटईवर स्वतः बसा आणि तिथून समोर पाहा. चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेच्या थोडा वर येईल, असं टांगा. टेबल 30 ते 35 सेंटिमीटर उंच असावं. घरात जुना रुंद चौरंग असेल तर तोच घासून, चकचकीत पॉलिश काढून, तेल देऊन वापरा. बसायला ‘झाबुतोन’ म्हणजे साधारण 55 ते 60 सेंटिमीटरची चौकोनी गादी. ती आपला गादीवाला कापूस घालून सहज शिवून देतो. रंग नीळ, माती, राख, तांदळाचं पीठ या जातीचे निवडा. टेकायला लोड ठेवला तरी काही बिघडत नाही. ज्याच्या पाठीला टेका लागतो, त्याला तो मिळालाच पाहिजे.

उजेड गाळून घ्यायचा

जुनिचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने 1933-34 मध्ये सावलीच्या सौंदर्यावर एक दीर्घ निबंध लिहिला. विजेच्या झगझगीत दिव्यांनी जपानी खोलीचं काय होतं, ही त्यातली एक तळमळ. लांब वळचणीखालून, अंगणावरून परतून, कागदातून गाळून आत येणारा मंद उजेड हा त्या खोलीचा प्राण आहे, हे त्याने ज्या बारकाईने पाहिलं तसं क्वचितच कोणी पाहिलं असेल. आपल्या बैठकीच्या खोलीत छताला पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या आणि फॉल्स सीलिंगमध्ये डझनभर दिवे असतील, तर खाली कितीही चटया अंथरा, उपयोग नाही.

दिवसाच्या उजेडापासून सुरुवात करू. ‘शोजी’ म्हणजे लाकडाची बारीक जाळी आणि तिच्यावर हातकागद. कागद बाहेरच्या अंगाला चिकटवतात, जाळी खोलीच्या आत दिसते. आपले सुतार बऱ्याचदा हे उलटं करतात, त्यांना आधीच सांगा. कागदाच्या पट्ट्या खालून वर चिकटवत नेतात, म्हणजे वरची पट्टी खालच्यावर चढते आणि सांध्यावर धूळ बसत नाही. वर्षअखेरीच्या साफसफाईत जुना कागद भिजवून काढायचा आणि नवा लावायचा, अशी तिथे रीत आहे. आपल्याकडे आतल्या दोन खोल्यांमधल्या दाराला खरा कागद लावायला हरकत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा लांब तंतूंचा, पातळ कागद निवडावा. पावसाच्या बाजूच्या खिडकीला मात्र कागद टिकणार नाही. तिथे तीन मिलिमीटर जाडीचा दुधी ॲक्रिलिक पत्रा किंवा घट्ट ताणलेलं कोरं सुती कापड लावा. जपानमध्येही प्लॅस्टिकचा थर दिलेला शोजी कागद सर्रास वापरतात, त्यामुळे यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणि बाहेर लोखंडी ग्रिल असते. ती काढायची गरज नाही. आतल्या बाजूला पडद्याच्या जागी वेगळ्या रुळावर शोजीची पॅनेल बसवा. ग्रिल, वाळत घातलेले कपडे, समोरच्या इमारतीचे एसी, सगळं दिसेनासं होतं आणि मंद उजेड येत राहतो. पण रूळ खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना लांब घ्या, म्हणजे पॅनेल पूर्ण भिंतीवर सरकवून खिडकी मोकळी करता येईल. खिडकीएवढ्याच रुळावर बसवलेली पॅनेल नेहमी अर्धी खिडकी अडवतात, आणि मे महिन्यात त्याचा फार मनस्ताप होतो. जाळीच्या चौकटी शक्यतो आडव्या आयताच्या आणि मोजक्या ठेवा. फार बारीक जाळीत धूळ बसते आणि ती पुसता पुसता आठवडा जातो. लाकूड सागवान असेल तर उत्तम, पाइन असेल तर वाळवीचं औषध देऊन घ्या. पॉलिश कोणतंही असो, चमक नको.

रात्रीचा उजेड खालून यावा. जुना ‘आंदोन’ हा कागदी दिवा जमिनीवर ठेवत असत. 1951 मध्ये इसामु नोगुची या शिल्पकाराने गिफू शहरातल्या कंदील-कारागिरांचं काम पाहिलं आणि हातकागद व बांबूच्या बारीक कामट्या घेऊन ‘अकारी’ दिवे घडवायला सुरुवात केली. आज जगभर जे गोल कागदी दिवे विकले जातात, त्यातले कितीतरी त्यांच्या नकला आहेत. बाजारातला साधा कागदी दिवा चालेल, पण त्यात कमी वॅटचा एलईडी बल्बच लावा, जुना तापणारा बल्ब कधीही नको. बल्बच्या खोक्यावर 2700 केल्विन लिहिलेलं पाहून घ्या, तो पिवळसर, उबदार उजेड देतो. एका मोठ्या दिव्याऐवजी तीन-चार लहान दिवे, तेही वेगवेगळ्या उंचीवर. वाचायला मात्र वेगळा, नीट प्रकाश देणारा दिवा हवा. मंद उजेडाच्या हौसेपायी मुलांचे डोळे ताणू नका.

आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे, छताचा पंखा. तो काढायचा नाही, त्याच्याशी जमवून घ्यायचं. कागदी दिवा पंख्याखाली टांगला तर तो दिवसभर झुलतो आणि महिन्याभरात तारेपाशी फाटतो, म्हणून दिवे कोपऱ्यात, जमिनीवर किंवा बुटक्या कपाटावर ठेवा. पंख्याची पाती लाकडी रंगाची किंवा छताच्या रंगाची घेतली की तो खुपत नाही.

ऋतू बदलला की घर बदलायचं

क्योटोच्या जुन्या घरांतली एक रीत मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय आहे. जून लागताना घरातली कागदी दारं काढून कोठारात जातात आणि त्यांच्या जागी वेताच्या किंवा बोरूच्या बारीक काड्यांची दारं बसवतात. त्यांतून वारा येतो, पलीकडचं अंगण धूसर दिसतं. ततामीवर वेताची गुळगुळीत चटई अंथरतात, पायाला गार लागते. बाहेर ‘सुदारे’ म्हणजे बांबूचे चिक लोंबतात. जुलैत गिओन उत्सव येतो, तेव्हा पेठेतली काही घरं रस्त्याकडचा भाग उघडून घराण्यातले जुने चित्रित पडदे लोकांना पाहायला मांडून ठेवतात. शरद लागला की कागदी दारं परत. एकच घर वर्षातून दोनदा नवं होतं, आणि त्यासाठी दुकानात जावं लागत नाही.

आपल्याकडे हे करायला तिथल्यापेक्षा जास्त वाव आहे, कारण आपले ऋतू अधिक टोकाचे. फाल्गुन संपताना जाड गालिचे, मखमली अभ्रे उचलून ठेवा. खिडकीबाहेर बुरुडाकडून मापाचे बांबूचे चिक करून घ्या. खिडकीच्या आत लावलेला चिक ऊन आत आल्यावर अडवतो आणि खोली तापतेच, म्हणून तो बाहेरच हवा. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची पद्धत आहेच. कोरड्या हवेत तिला तोड नाही, दमट किनाऱ्यावर मात्र ती उपयोगाची नाही. जूनमध्ये चटया गुंडाळा, ओट्याच्या पट्ट्या उघड्या ठेवा, कपाटाची दारं दुपारी तासभर सरकवून वारा लागू द्या. चिकही आत घ्या, नाहीतर काळे पडतात. कार्तिकात चटया परत काढा, हवं तर वर घोंगडी टाका. सोलापूर-सांगलीकडची काळी-करडी घोंगडी या रंगसंगतीत इतकी बसते की वेगळं काही शोधायला नको.

हे जमायचं तर दारं आणि पडदे सहज निघतील, असे हवेत. जपानी दार वरच्या खोल खाचेत उचलून खालच्या उथळ खाचेतून काढून घेता येतं, बिजागरी नाही की स्क्रू नाही. सुताराला हेच सांगा, वरची खाच खालच्या खाचेच्या दुप्पट-तिप्पट खोल ठेव. मात्र सागवान पावसात फुगतं, म्हणून दोन्हीकडे थोडी ढील हवी आणि काम शक्यतो पावसाळ्यातच बसवून बघावं. डिसेंबरात मापात बसलेलं दार जुलैत हलत नाही.

एक जागा, एक वस्तू

‘तोकोनोमा’ हा खोलीतला किंचित उंच केलेला कोनाडा. त्यात भिंतीवर एक गुंडाळीचं चित्र किंवा सुलेखन, आणि खाली फुलांची एक मांडणी. ऋतू बदलला किंवा विशेष पाहुणा येणार असला, की चित्र बदलतं. घरात दहा चित्रं असली तरी भिंतीवर एकच. बाकीची पेटीत.

बांधकाम न करताही हे साधतं. भिंतीचा तीन-चार फूट रुंदीचा एक तुकडा ठरवा, त्याला चुन्याचा किंवा मातकट रंग द्या, खाली फळीचा एक जाड तुकडा ठेवा. तिथे किल्ल्या, चार्जर, बिलं ठेवायची नाहीत, हा घरातल्या सगळ्यांचा ठराव असू द्या. चित्र जपानीच हवं असं मुळीच नाही. मोडी लिपीतलं घरातलं जुनं पत्र, वारली चित्राचा एक पट, आजीच्या इरकलीचा पदर, यांतलं काहीही एकटं मांडलं की नीट दिसू लागतं. फुलं बाजारातल्या गुच्छाची नकोत. माघात आंब्याची मोहरलेली फांदी, चैत्र-वैशाखात बहाव्याचा एक घोस, श्रावणात तेरडा, भाद्रपदात नुसतं लांब गवत. एक बसकं मातीचं भांडं आणि खिळ्यांची जपानी बैठक, तिला ‘केंझान’ म्हणतात, एवढं साहित्य पुरे. रानातून उपटून आणू नका, विशेषतः संरक्षित पठारांवरून. कुंडीतलं किंवा सोसायटीच्या आवारात गळून पडलेलं चालतं.

इथे बुद्धमूर्तीविषयी बोललं पाहिजे. जपानी सजावटीच्या नावाखाली बुद्धाचं नुसतं शिर टीपॉयवर किंवा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायची पद्धत पडली आहे. जपानी घरात असं कोणी ठेवत नाही. तिथे बुद्ध ‘बुत्सुदान’ या घरच्या देव्हाऱ्यात असतो, जिथे पूर्वजांचंही स्मरण केलं जातं, आणि शिंतो देवतांसाठी उंचावर ‘कामिदाना’ ही वेगळी फळी असते. महाराष्ट्रात लाखो घरांत रोज बुद्धवंदना होते. त्यांच्या श्रद्धास्थानाची शोभेची वस्तू करू नये. मूर्ती ठेवायचीच असेल तर आदराच्या जागी, अखंड, आणि मनात भाव असेल तरच. आपला देव्हाराही तोकोनोमाच्या कोपऱ्यात कोंबू नका, दोन्हींना वेगळी जागा द्या.

उंबरठा आणि गॅलरी

प्रवेशाचं काम सोपं आहे, कारण पादत्राणं बाहेर काढायची सवय आपल्याला आहेच. जपानी ‘गेन्कान’मध्ये बाहेरची जमीन आणि घराची जमीन वेगळी दिसते, तेवढं घ्या. दारातली तीन-चार फूट जागा कडप्पा किंवा शहाबादी फरशीची करा, पट्ट्यांच्या दारांचं बंद चपलांचं कपाट ठेवा, ओल्या छत्रीसाठी खाली निथळायला जागा ठेवा. दाराशी गणपती असेल तर तो राहू द्या.

गॅलरीत बाग करण्याआधी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान एकदा सावकाश फिरून या. ओकायामा शहरातल्या, 1700 मध्ये पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेवर ते बेतलेलं आहे. कोराकुएनमध्ये पलीकडचा किल्ला आणि डोंगर बागेच्या दृश्यात ओढून घेतले आहेत. हीच युक्ती चौथ्या मजल्यावर वापरता येते. समोर एखादं पिंपळाचं झाड किंवा टेकडीची रेघ दिसत असेल तर तेवढीच मोकळी ठेवा आणि बाजूची पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक चिकाने झाका. जपानी मेपल आणि चेरी आपल्या उन्हात जगत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. बुटका बांबू, नेचे, एखादं सावलीतलं मोठ्या पानांचं झाड, एवढ्यावर बाग होते. गावाकडे जुनं दगडी उखळ किंवा डोण पडून असेल तर ती पाणी भरून ठेवायला सुंदर आहे, पण आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूचे डास नेमके अशाच स्वच्छ पाण्यात होतात.

खर्चाचा क्रम मी असा धरेन: आधी कपाटाची भिंत, मग दिवे, मग ओटा, मग खिडकीची पॅनेल, आणि शोभेची वस्तू सगळ्यात शेवटी, तीही घरात काही सापडलं नाही तर. दिवे बदलणं सगळ्यात स्वस्त, म्हणून पैसे कमी असतील तर तिथूनच सुरू करा. ओटा करून घेण्याआधी त्याच्या मापाची चौकट जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखा, आत गाद्या आणि चौरंग मांडा आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांना तिथे जेवू, बसू, अभ्यास करू द्या. कोणाला येता-जाता अडखळायला होतं, आजींना उठताना कुठे हात टेकावा लागतो, पंख्याचा वारा कुठे पोचत नाही, हे सगळं त्या आठवड्यात कळतं, आणि मग सुताराला द्यायचं माप आपोआप ठरतं.